जंगीतून

पारशिवनीच्या पुढे डांबर संपतं
तिथे मोहाच्या झाडाखाली गाडी लावली.
पौषातली सकाळ. डब्यात पाटवड्या, पिशवीत काटोलची संत्री,
शाल्मलीच्या गळ्यात तिच्या बाबाची दुर्बीण.
उलटी धरूनच बघते ती,
सगळं लांब जातं म्हणून.
मामाजींनी कानटोपी ओढली
आणि ओळीने सगळ्यांच्या बुटांच्या नाड्या तपासल्या,
छत्तीस वर्षं पहिल्या पाळीआधी तपासत आले तशा.

पेंच त्या दिवशी घाईत नव्हती.
वाट दाखवायला आलेला इनवाते म्हणाला,
"घोट्याइतकंच पाणी हाय बाई, पण दगडं घसरते.
पोट्ट्याचा हात सोडू नका."
सोडला नाही.
बूट हातात, सलवार गुडघ्यापर्यंत,
मधोमध धाकटा थांबला.
मासोळ्या त्याच्या बोटांना लुचत होत्या
आणि तो हसतही नव्हता, रडतही नव्हता,
पायांनी काहीतरी ऐकत होता.

पलीकडे चढ.
सागाची पानं पापडासारखी मोडत होती.
दर वीस पावलांनी कोणाला तहान, कोणाच्या तळव्यात खडा,
कोणाला आत्ताच्या आत्ता पाटवडी.
अर्ध्या वाटेवर एका बोरीने आमचा पाऊण तास खाल्ला.

किल्ला म्हणावा तर एक तट, दीड बुरूज.
बाकीचा निवडुंगाने आणि वडाने
आपसात वाटून घेतलेला.
कोणी बांधला?
इनवातेने खांदे उडवले.
"आमचे म्हणते, आमच्या राजानं. तुमचे म्हणते, भोसल्यानं.
शेळ्यांले काही फरक नाही पडत."

शाल्मलीने तटातल्या फटीला डोळा लावला.
"एवढी तिरपी खिडकी कशाला केली?"
"जंगी म्हणतात तिला," मी म्हणाले,
आणि पुढचं सांगायला शब्द जुळवू लागले,
तोवर मामाजी तिच्याशेजारी गुडघ्यावर बसले होते.
आयुध निर्माणीत ज्यांनी पितळी पुंगळ्यांचे घेर मोजले
आणि जेवताना कधी कारखान्याचं नाव काढलं नाही,
त्यांनी एक डोळा मिटला.
"दीडशे मीटर," म्हणाले. "फार तर एकशे साठ.
पाण्यात माणूस हळू चालतो. हात गुंतलेले असतात.
बरोबर तिथेच येतो."
"कोण येतो, आजोबा?"

त्यांनी तिला संत्रं सोलून दिलं.
साली जंगीच्या तोंडात ठेवल्या, एकीत एक बसवून,
बोटं सवयीने कडा जुळवत राहिली.

मी वाकून पाहिलं.
तिथेच. मासोळ्यांपाशी.

मग कळलं, धाकट्याचा एक बूट
पलीकडच्या काठावर राहिलाय.
इनवाते उठला, त्याला मामाजींनी बसवलं.
"नाड्या मी पाहिल्या होत्या," म्हणाले.
जणू चूक नोंदवहीत चढली होती.

ते उतरताना काठीचा आवाज येत होता,
मग तोही नाही.
शाल्मलीने साली बाजूला सारल्या,
आणि दुर्बीण पहिल्यांदाच
सरळ धरली.
"आजोबा केवढे जवळ आले!"
मीही पाहिलं.
पँट दुमडलेली, पोटऱ्या काटक्या झालेल्या,
एका हातात इवलासा बूट, दुसऱ्यात काठी,
तोल सांभाळायला दोन्ही हात
खांद्यांच्या वर.

सकाळी बोरीखाली ठो ठो करत
सगळ्या पाखरांना मारून आलेली पोरगी
काहीच बोलली नाही.
दुर्बीण काढून माझ्याकडे दिली
आणि जंगीतून हात बाहेर घातला,
कोपरापर्यंतच गेला.
हलवत राहिली.

मामाजी मधोमध थांबले, वर पाहिलं.
खालून जंगी दिसत नाही,
तशीच बांधलेली असते ती.
तरी त्यांनी बूट उंच केला
आणि हलवला,
भलत्याच, त्या अर्ध्या बुरुजाकडे बघून.